म्हशीच्या पोटाखालची पट्टी

अहो, म्हशीची पाठ निघाली.

दरवर्षी ही बातमी तुम्ही आणायचात. मी नुकतंच सारवलेलं असायचं आणि तुम्ही चिखलाच्या पायांनी दारात उभे राहून ओरडायचात, "भागरथा, पाठ निघाली व!" मी आधी तुमच्या पायांवरून बोलायची, बातमीचं नंतर. यंदा मीच बांधावर गेले, मीच पाहिली. घरी येऊन पाय धुतले, चुलीपाशी बसले, आणि लक्षात आलं की ही बातमी सांगायला घरात कोणीच नाही. लेक कौसल्या तिच्या सासरी, समुद्रपूरला. म्हणून लिहायला घेतलं.

लिहायला घेतलं खरं, पण तुम्हाला वाचता कुठे येत होतं! माझ्या बापाने मला अल्लीपूरच्या शाळेत चौथीपर्यंत बसवलं, बाहेर ओट्यावर का होईना, पण बसवलं, आणि त्या चौथीचा सगळा फायदा तुम्ही उपटलात. पेपर मी वाचायचा आणि मतं तुम्ही मांडायची. मधेच हात वर करून म्हणायचात, "थांब, हे चूक लिवलं त्यानं." जसा काही लिहिणारा माणूस आपल्या ओसरीत बसून चहा पितो आहे. आता हे तुम्हाला कोण वाचून दाखवणार? मीच मोठ्याने वाचेन. मधेमधे बोलू नका म्हणजे झालं.

दुसऱ्या कोणाच्या हाती हा कागद पडला, तर तो म्हणेल, बाईचा नवरा भादव्यात गेला आणि ही म्हशीचं काय घेऊन बसली? त्याच्यासाठी सांगून ठेवते. ही म्हैस म्हणजे आमच्या गावच्या तळ्यातला मोठा काळा दगड. पाण्यात बसकण मारलेल्या म्हशीसारखा दिसतो, म्हणून म्हैस. भादव्यात तळं भरलं की ती पूर्ण बुडते. पाऊस सरला की पाणी आपोआप थोडं उतरतं आणि कार्तिकात तिची पाठ दिसते. पाठ दिसली की बांधाखालची मोरी जराशी उघडायची. नाल्याला पाणी सुटतं, खालच्या वावरातल्या गव्हाला ओल मिळते. पाणी हटत जातं तसं काठाला कोवळं गवत येतं आणि गुरं तिकडे वळतात. लव्हाळा गुडघाभर पाण्यात उरला की बाया विळे घेऊन उतरतात, त्याच्या चटया होतात. मग म्हशीचं पोट उघडं पडतं. तेव्हा मोरी पुन्हा बंद करायची आणि मोकळ्या झालेल्या गाळात हरभरा, वाल, लाखोळी पेरायची. ज्याच्याकडे वीतभर वावर नाही, त्याच्याही घरात त्या गाळपेरीमुळे डाळ येते. उरलेल्या पाण्यात मासा गोळा होतो, तेव्हा ढिवरांची जाळी पडतात. वैशाखात काठाचा गाळ गाड्या भरभरून वावरांत जातो. म्हशीचे पाय मात्र कधीच उघडे पाडायचे नाहीत. ते पाणी गुरांचं, आणि पुढच्या वर्षी ज्यांनी मोठं व्हायचं त्या मासोळ्यांचं.

हे सगळं गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. प्रश्न एवढाच होता की कार्तिकाच्या गार पाण्यात उतरायचं कोणी. तर आपण. तुमचा आजा, तुमचा बाप, मग तुम्ही. लांब बांबूला लोखंडी आकडी लावलेली, ती आपल्या घरच्या आढ्याला टांगलेली असायची. पाठ निघाली की चावडीवरून हाक यायची, "ए लटाऱ्या!" तुम्ही जायचात, डुबकी मारून मोरीच्या तोंडातला लाकडी दट्ट्या आकडीने सैल करायचात आणि दात वाजवत बाहेर यायचात. बांधावर पाटील नारळ फोडायचे. नारळाचा तुकडा तुमच्या हातावर वरून टाकायचे. ज्या तळ्याच्या तळाशी तुम्ही डुबी मारायचात, त्याच तळ्याच्या वरच्या घाटावर माझी घागर बुडवायची सोय नव्हती. मी खालच्या अंगाला, गुरं उतरतात तिथे भरायची. तेव्हा यात काही विचित्र आहे असंही वाटत नव्हतं, याचाच आता राग येतो.

या कामाच्या बदल्यात आपल्या घराला म्हशीच्या पोटाखालची पट्टी होती. सगळ्या गाळात तीच सगळ्यात शेवटी उघडी पडायची, म्हणून ओल सगळ्यात जास्त दिवस धरायची. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाई मला तिथे घेऊन गेल्या. मातीत बोट खुपसायला लावलं आणि म्हणाल्या, "पेऱ्यापर्यंत गार लागलं पाह्यजे. लागते का?" मी म्हटलं, लागते. म्हणाल्या, "मंग हे तुयं माहेर समज. घरात काई झालं त इथं येऊन बसत जा." मी बसत होते. तुमच्याशी भांडण झालं की वालाचं निंदण निघायचं, हे तुम्हाला कधी कळलं नाही.

मग दसऱ्याला आपण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. परत आलो तेव्हा तुमची मान मला वेगळी दिसत होती, पांढऱ्या सदऱ्यामुळे असेल असं मला वाटलं. कार्तिक आला, पाठ निघाली, चावडीवरून हाक आली. तुम्ही आढ्याची आकडी काढलीत आणि निघालात. मी तुमच्यासाठी पाणी तापत ठेवलं. तुम्ही कोरडेच परत आलात. आकडी चावडीच्या भिंतीला टेकवून, पाटलांना सांगून आलात, "हे गावाचं हाय, गावानं ठेवावं. आमच्या घरात आता जागा नाई."

मला आनंद झाला होता. खरंच झाला होता. पण पुढचं तुम्ही भाकर खाताना सांगितलंत, सहज, मीठ मागावं तसं. "पट्टीबी सोडली."

मी विचारलं, "पट्टी काऊन सोडली?"

"काम सोडलं त कामाची जमीनबी सोडली. एका हातानं फेकाचं अन् दुसऱ्या हातानं धराचं, हे मले जमत नाई."

"गळ्यातलं सोडा ना, पायाखालचं काऊन सोडता? मोरी तुमच्या बापाची असन, पट्टी माह्या सासूची होती."

तुम्ही म्हणालात, "तुले समजत नाई." आणि मी म्हटलं, "पेपर कोण वाचून दाखवते?" तिथून जो वाद सुरू झाला तो तुम्ही गेलात तरी संपला नाही. कधी तो भाकरीवर असायचा, कधी पेपरात, कधी रुसून कोपऱ्यात बसायचा, पण घरात असायचा. कौसल्या सासरी जाताना म्हणाली होती, "आई, तुमाले सोबतीले वाद हाय, मले काळजी नाई."

त्या वर्षी मोरी कोणी उघडली नाही. पाटलांनी याला सांगून पाहिलं, त्याला सांगून पाहिलं. प्रत्येकाला त्याच आठवड्यात पडसं झालं. सुरुवातीला गाव खूशच होतं. तळं भरलेलं राहिलं, वरच्या घाटावर पायऱ्यांपर्यंत पाणी. वरच्या आळीच्या बाया म्हणायच्या, "बरं झालं लटाऱ्यानं सोडलं, पाणी त राह्यलं." आणि हेही खरं की त्या उन्हाळ्यात बांधाजवळच्या विहिरींना पाणी टिकलं. पण काठाचं गवत बुडूनच राहिलं. लव्हाळा गळाभर पाण्यात उभ्याउभ्या सडला. मासा एवढ्या पाण्यात पांगला की ढिवरांच्या तुळसाबाईंचं जाळं दिवसभर फिरून ओलंच तेवढं परत यायचं. गाळपेर झालीच नाही. म्हशीचं पोट निघालं ते वैशाखात, पेरायची वेळ कधीच उलटून गेल्यावर. गाळ न्यायला ना दिवस उरले ना काठ सुकला. पाण्यावर हिरवी साय धरली, गुरं तोंड लावून मागे सरायची, आणि आपल्या खालच्या आळीत घरोघरी हिवताप. मला वाटायचं, तळं भरलेलं आहे आणि गाव रिकामं आहे. आपल्या घरातही त्या वर्षी डाळ विकतची.

तेव्हा मी तुम्हाला फार टोचून बोलले. मोरी उघडा असं म्हटलं नाही, तेवढं मलाही कळत होतं. पण रिकामं सूप तुमच्यासमोर पाखडून दाखवायची. एकदा तुम्ही एवढंच म्हणालात, "मले काय गोड वाटून राह्यलं का? मीबी रोज बांधावर जातो अन् पाह्यतो." तुमचा आवाज ऐकून मी सूप खाली ठेवलं.

दिवाळीआधी पाटील घरी आले. आपल्या घरी, दारात. बसायला बाज टाकली तर बसलेही. म्हणाले, "लटारी, मागचं जाऊ दे. पट्टी तुह्या नावानं करून देतो, पण मोरी पाह्य बावा." मी आतून ऐकत होते. माझा जीव पट्टीशी आला होता. आणि तुम्ही म्हणालात, "पाटील, पाणी साऱ्या गावाचं हाय, त थंडीबी साऱ्या गावाची असू द्या. घराघराची पाळी लावा. ज्याच्या घरी आकडी, त्याले त्या वर्साची पट्टी. माही पाळी आली की मी उतरीन. हाकेवर नाई, पाळीवर. अन् घाट सारे साऱ्यांचे." पाटील बराच वेळ बाजेची सुतळी चाचपत बसले. मग म्हणाले, "पयली पाळी कोणाची?" तुम्ही म्हणालात, "बांधापासून घरं धरा, एकेका आळीतलं एकेक." बांधाजवळ पहिलं घर पाटलांचंच होतं.

ते नाही म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नेहमी बोलते.

आणि काय तो दिवस! सारं गाव बांधावर. पाटील धोतराचा काचा मारून पाण्यात उतरले, पहिल्यांदा दम पुरला नाही, दुसऱ्यांदा मोरी सापडली नाही, तिसऱ्यांदा डुबी मारली ती थेट दट्ट्या हातात घेऊनच वर आले. सैल करायचा, तो उपसूनच आणला! खाली पाणी धडाडलं. तसंच राहिलं असतं तर चार दिवसांत म्हशीचे पायही उघडे पडले असते. सगळे तुमच्याकडे बघायला लागले. तुम्ही हात मागे बांधून उभे. मी मनात म्हटलं, उतरतात की काय. तुमच्या पायाची बोटं चिखलात रुतत होती, मला दिसत होतं. तुम्ही उतरला नाहीत. काठाशी वाकून म्हणालात, "पाटील, भिऊ नका. म्या सांगतो, तुमी करा." तुळसाबाईंनी गोणपाट फेकलं, तुम्ही त्यात गवत कोंबायला लावलं, आणि पाटलांनी पुन्हा डुबी मारून तो बोळा मोरीत बसवला. बाहेर आले तेव्हा ओठ निळे, अंग लटलट कापतं आहे. तुम्ही तुमची घोंगडी काढलीत आणि त्यांच्या खांद्यावर टाकलीत. पाटलांनी दोन्ही हातांनी ती घट्ट धरली आणि ती पांघरूनच घरी गेले.

तुम्ही बाहेर हसला नाहीत. घरी येऊन मात्र दार लावून असे हसलात की ठसका लागला. "दट्ट्याच घेऊन आले व!" मी तुमची पाठ चोळत होते आणि मीही हसत होते. त्या दिवसापासून गावात तुम्ही लटारीभाऊ झालात. पट्टी त्या वर्षी पाटलांच्या घराला गेली. त्यांच्या सूनबाईने वाल पेरले, फार दाट पेरले. मी बांधावरून बघून हळहळले आणि त्यावरून आपण पुन्हा भांडलो. दुसऱ्या वर्षी तेल्यांच्या घराची पाळी झाली. यंदा आपली होती.

भादव्यात तुम्हाला ताप आला. नाल्याला पूर, समुद्रपूरची बस बंद, गाडी काढायची तरी बैल छातीभर पाण्यात घालावे लागले असते. तुम्ही बाजेवर पडून विचारलंत, "पाणी कुठवर आलं?" मी म्हटलं, सांडव्याला लागलं. म्हणालात, "म्हणजे यंदा गाळ चांगला बसन. आकडी आपल्याकडं हाय यंदा. मी नसलो त तू जाजो."

"मी नाई जात. तुमी बरे व्हा अन् तुमीच जा."

"पट्टी भेटून राह्यली ना तुले? आता त खूश?"

"वर्साच्या पट्टीची काय खुशी? पाहुणी म्हणून माहेरी जाऊ का?"

तुम्ही हसलात. डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली, ताप उतरतो आहे. मी उत्तराची वाट बघत बसले.

एवढं लिहून ठेवून दिलं होतं. पुढे हात चालला नाही, आणि मोरीचं कामही आलं.

सगळे म्हणाले, बाईमाणूस आहे, दुःखाचं घर आहे, यंदा हिला वगळा, पुढच्या घराला पाळी द्या. मी म्हटलं, वगळायचं नाही. आकडी खांद्यावर टाकून गेले. लुगड्याचा काचा घट्ट मारला आणि उतरले. अहो, किती गार असतं ते पाणी! तुम्ही कधी सांगितलंच नाहीत. एवढी वर्षं घरी येऊन नुसतं "पाणी तापलं का" विचारायचात. खाली काही दिसत नाही, कानात दडे बसतात, आणि हाताला मोरीचं दगडी तोंड लागतं तेव्हा वाटतं, इथे त्यांचाही हात लागला होता. पाण्यात रडलं तर कोणाला दिसत नाही ही एक सोय आहे. मी दट्ट्या सैलच केला, उपसला नाही, हे पाटलांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगते.

वर आले तर काठावर पाटील उभे होते. त्यांच्या हातात घोंगडी होती, तुमचीच. ती त्यांनी परत केली नव्हती आणि तुम्ही मागितली नव्हती. माझ्या खांद्यावर टाकली. मग थोडं बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, पंचांच्या मनात हाय, पट्टी तुमच्याकडंच राहू द्यावी. कायमची. तुमाले तरी कोण हाय आता. फक्त मोरी तेवढी दरवर्सी पाह्यत जा. तुमच्या घराले जमते ते."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. आणि मी तर हेच इतकी वर्षं मागत होते. याच पट्टीसाठी तुमचं डोकं खाल्लं होतं. समोर म्हशीची ओली पाठ दिसत होती, तिच्या पोटाखालची माती अजून पाण्यात होती, पण मला तिचा वास आला. सासूबाई आठवल्या. म्हातारपणी बसायला माझी म्हणावी अशी तेवढीच जागा. मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

आणि माझ्या तोंडून निघालं, "पाळीनं घेईन, पाटील. वर्साची. अन् पुढच्या साली आकडी तुळसाबाईकडं."

म्हणजे बघा. हयात होतात तोवर मी एकदाही तुमच्या बाजूने बोलले नाही, आणि तुम्ही गेल्यावर पहिल्याच खेपेला तुमचंच वाक्य बोलून आले. तुम्ही ऐकायला हवं होतं. तुम्ही ऐकलं असतंत तर मी बोलले नसते, हेही तितकंच खरं.

पोट निघालं तेव्हा मोरी बंद केली आणि पट्टीत वाल पेरले. पातळ पेरले. बोट खुपसून पाहिलं, पेऱ्यापर्यंत गार होतं. रोज जाऊन बसायची. भांडायला कोणी नव्हतं, तरी निंदण निघतच होतं. यंदा गाळ तुम्ही म्हणालात तसा चांगला बसला. घागर आता वरच्या घाटावर भरते. पहिल्या दिवशी हात थांबला होता, तेव्हा मागून पाटलांच्या सूनबाई म्हणाल्या, "भरा ना बाई, मी थांबली हाय." तुमची घोंगडी मी पांघरते. तिला पाटलांच्या तंबाखूचा वास लागला आहे, धुऊनही जात नाही.

आज वालाची शेवटची तोडणी झाली. पुढचं बियाणं काढून पुरचुंडी बांधली आणि आकडीबरोबर तुळसाबाईंच्या घरी नेऊन दिली. त्या ढिवरांच्या घरच्या, पाण्याची त्यांना काय भीती, पण गाळात पेरलेलं त्यांनी कधी नाही. म्हणाल्या, "भागरथाबाई, किती दाट पेराचे?" मी त्यांना पट्टीवर घेऊन गेले आणि मातीत बोट खुपसायला लावलं.

मग एकटी परत आले. आपल्या आढ्याला आकडीची जागा रिकामी दिसते आहे. तुम्हाला हवी होती तशीच. मी तुमच्यासारखं वागले, पण पट्टी सोडताना मला फार रडू आलं, तुळसाबाईंसमोर आलं. तेव्हा वाद मी हरले असं समजू नका. पट्टी सोडायला नको होती, हे माझं म्हणणं अजून कायम आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा. आता मधे बोललात तरी चालेल.